अठरा नंबरचा नळ

सलग नऊ वर्षं मी दोन नोकऱ्या केल्या. दिवसा आळेफाट्याजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात लोकांनी दुधात घातलेलं पाणी शोधायचो आणि संध्याकाळी आमच्या सोसायटीत लोकांना न मिळालेलं पाणी. पहिल्या नोकरीला पगार होता. दुसरी मानद सचिवाची. मानद म्हणजे पगार नाही, रजा नाही आणि राजीनामा दिला तर कोणी घेत नाही.

गृहनिर्माण संस्थेचा सचिव नेमकं करतो काय, असं मला एकदा जावयांनी विचारलं. सचिव स्वतः काहीच करत नाही. काय करायचं ते सभा ठरवते. आमच्या सभेला निदान बारा माणसं लागायची, त्याला कोरम म्हणतात. ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, मग हात वर होतात, सचिव हात मोजतो आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहितो. वहीत जे आहे ते घडलं. वहीत नाही ते घडलं नाही, मग ते डोळ्यांसमोर उभं का असेना. मला हा कारभार मनापासून आवडायचा. केंद्रावरचा लॅक्टोमीटर खोटं बोलत नाही, तशी माझी वहीही बोलत नव्हती. एक अपवाद आहे. तो सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

आमची अठरा घरं एका रांगेत. समोर एकशे आठ मीटरची गल्ली. गेटापाशी पाण्याची टाकी, तिथून एक नंबरचं घर सुरू होतं आणि अठरा नंबर पार टोकाला. टाकीतून निघालेला एकच दोन इंची पाइप गल्लीभर गेलेला. सकाळी सहा ते सात पाणी सुटायचं. पुढच्या घरांचे नळ एकदम उघडले की मागे काय पोचणार? मी मोजलं होतं. पंधरा लिटरची बादली दोन नंबरच्या घरी पन्नास सेकंदांत भरायची. अठरा नंबरला अकरा मिनिटं. पाच बादल्या भरेपर्यंत सात वाजायचे.

अठरा नंबरला कांबळे सिस्टर राहायच्या, ग्रामीण रुग्णालयात नर्स होत्या. घरात सासूबाई आणि दोन मुली, मिस्टरांची नोकरी नगरला. चार माणसं, पाच बादल्या. त्यामुळे ड्यूटीवरून आल्या की सिस्टर टाकीखालच्या नळावर दोन बादल्या भरायच्या आणि सतरा दारांसमोरून घरी न्यायच्या. दिवसाला चार खेपा. मागच्या घरांना वेगळा पाइप द्या, एवढा एकच विषय त्यांनी चार वर्षं प्रत्येक सभेत मांडला.

तो पाइप टाकायचा तर दोन नंबरचा ओटा फोडावा लागणार होता. दोन नंबर म्हणजे कांतिशेठ, आमचे चेअरमन. आजोबा राजस्थानातून आलेले, बाजारात कापडाचं दुकान, बोलणं आमच्याहून शुद्ध. ओट्याला त्यांनी स्वतः उभं राहून कडप्पा फरशी बसवून घेतली होती. ओट्याचा विषय निघाला की सभा गंभीर व्हायची, चहा यायचा आणि मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, ‘विषयावर चर्चा झाली. पुढील सभेत विचार व्हावा.’ अशा अकरा नोंदी वहीत आहेत. अक्षर फार छान आलं आहे.

अशा संस्थेत सहा नंबरचे आण्णा समितीवर बिनविरोध निवडून आले, कारण अर्जच एक आला होता.

आण्णा बोरी बुद्रुकचे. कालव्यावर तीस वर्षं नोकरी करून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेले. कालव्यावर ठराव बिराव नसतो. पाणी सुटलेलं असतं, कुठेतरी फुटलेलं असतं, आणि निरीक्षकाने सायकल टाकून आधी माती लोटायची असते. परवानगीचा कागद मागाहून येतो. ही सवय घेऊन आण्णा आमच्यात आले. निवडून आल्यावर आठव्या दिवशी सकाळी गल्लीत पाहतो तर पांढरे दगड रोवलेले. दर दहा मीटरला एक, वर काळ्या रंगात आकडे. शून्य, दहा, वीस, असे शंभरपर्यंत. अकरा दगड.

‘आण्णा, हे कोणी सांगितलं?’

‘सांगायला काय पायजे? जेवढं अंतर हाय तेवढंच लिवलंय. कालव्याला दगड नसला तर फुटला कुठं ते कळायचं कसं?’

‘पण हा कालवा नाही.’

‘पाणी वाहतं ना?’ आण्णा म्हणाले. ‘मग झालं.’

मी टेप आणून मोजलं. साठचा दगड चाळीस सेंटिमीटर पुढे होता. ठरावाशिवाय दगड लावले याचा मला राग आला की साठचा चुकला याचा, हे आजही नक्की सांगता येणार नाही. आण्णांनी मात्र तो दगड तिथल्या तिथे उपटून बरोबर जागी रोवला आणि मला म्हणाले, ‘तुमी कालव्यावर पायजे व्हता राव.’ बायकोने मला त्या दिवशी दोनदा विचारलं की मी हसतोय का.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. ग्रामपंचायतीचं पाणी दिवसाआड झालं, टाकी अर्धी राहू लागली, आणि अठरा नंबरची धार सुतासारखी झाली. आम्ही नोटीस काढली, सभेची तारीख ठरवली, विषयपत्रिका चिकटवली. सभेच्या दोन दिवस आधी आण्णांनी प्लंबर आणला.

संध्याकाळी आम्ही कामावरून परत आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मधल्या आणि मागच्या घरांकडे जमिनीवरूनच टाकलेले दोन तात्पुरते पाइप, टाकीपाशी तीन व्हॉल्व्ह, त्यावर जाड लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप आणि कुलपाची किल्ली आण्णांच्या करगोट्याला. टाकीखालचा नळ काढून तिथे प्लग मारलेला. ‘हेडला भोक असलं का टेलला पाणी पोचत न्हाई,’ आण्णांनी जमलेल्यांना समजावलं. कालव्याच्या भाषेत हेड म्हणजे जिथून पाणी सुटतं ती बाजू आणि टेल म्हणजे शेवटचं शेत. आवर्तन नेहमी टेलकडून सुरू करायचं, कारण हेडवाल्याचं पोट आधी भरलं की तो दार बंद करायला विसरतो. म्हणून उद्यापासून तेरा ते अठरा या घरांना सहा वाजता वीस मिनिटं, मग मधल्या सहांना वीस, आणि पहिल्या सहांना शेवटची वीस.

‘हे कोणत्या ठरावानं?’ कांतिशेठांनी विचारलं.

‘उताराच्या,’ आण्णा म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर ते आण्णा कसले. त्यांनी घरोघरी पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म वाटला. घरात जुने कोरे गठ्ठे पडले होते, शेतकऱ्यांनी भरायचे. त्यात रकाने होते: पिकाचं नाव, क्षेत्र, विहीर आहे किंवा नाही. भरून दिल्याशिवाय पाळी मिळणार नाही, अशी तंबी. लोक चिडले, पण भरून दिले. तेरा नंबरच्यांनी पीक ‘मुलं’, क्षेत्र ‘तीन, पैकी एक दहावीला’ असं लिहिलं. कांतिशेठांनी पिकाच्या रकान्यात ‘निषेध’ लिहिलं. आमच्या घरचा फॉर्म बायकोने भरला. पीक: सेक्रेटरी. क्षेत्र: पडीक. आण्णांनी तोही गंभीरपणे तपासला आणि शेरा मारला, ‘पाणी द्यावे, उपयोग होईल.’

आवर्तनाच्या पहिल्या दिवशी सहाला पाच कमी असताना मी घड्याळ घेऊन अठरा नंबरला गेलो. सिस्टर नळाखाली बादली ठेवून उभ्या होत्या. सहाला नळ फुरफुरला, खोकला आणि एकदम असा सुटला की बादली आडवी झाली. सासूबाई आतून ओरडल्या, ‘अगं, काय फुटलं?’ मुली पाण्यात पाय आपटून नाचायला लागल्या. बादली भरली एक मिनिट दहा सेकंदांत. मी पुन्हा मोजलं, तेवढाच वेळ. सिस्टरांनी हातात येईल ते भरलं: ड्रम, हंडे, कळशा, कुकर. चार वर्षं ज्या घरात थेंब मोजून वापरला, तिथे रिकामं भांडं ठेवायची हिंमत होत नव्हती. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘भाऊ, चहाचं पातेलं पण भरू का?’

हेडकडे मात्र वातावरण तापलं. पाणी सगळ्यांना पुरत होतं, मी मोजलं होतं. पण पाणी पुरणं वेगळं आणि आपल्या नळाला कुलूप असणं वेगळं. त्यात आण्णांनी एक दिवस चार नंबरच्यांची सहा मिनिटं कापली, गाडी धुतली म्हणून. विशेष सभा बोलवायला एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात. अठराचे एक पंचमांश तीन पूर्णांक सहा दशांश, म्हणजे चार माणसं. अर्ज आला तो बारा सह्यांचा. पहिली सही कांतिशेठांची. विषय एक, आण्णांना समितीतून काढणे. विषय दोन, पाणीपुरवठा पूर्ववत करणे. कायद्याने अर्जात काही खोट नव्हती. मी रविवारी संध्याकाळी साडेसहाची नोटीस काढली.

नोटीस द्यायला अठरा नंबरला गेलो. सिस्टरांनी उभ्याने वाचली.

‘भाऊ, पूर्ववत म्हणजे कसं हो?’

‘म्हणजे आधी होतं तसं.’

‘आधी होतं तसं,’ त्या म्हणाल्या. ‘बरं. पोचल्याची सही कुठं करू?’

सही घेऊन मी गल्लीतून परत आलो. शंभर, नव्वद, ऐंशी. त्या दगडांवरून चालताना पहिल्यांदाच मला माझ्या अकरा नोंदी आठवल्या, आणि त्यांचं अक्षर नको इतकं छान वाटलं.

सभेच्याच रविवारी सकाळी कांतिशेठांच्या पत्नीचं, पुष्पाभाभींचं, पारणं होतं. पर्युषणात भाभींनी अठाई केली होती, म्हणजे आठ दिवस उपास. पोटात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. नवव्या दिवशी सकाळी सगळ्या नातेवाइकांच्या हातून घोट घोट घेऊन उपास सोडायचा. मंचर, नारायणगाव, जुन्नर, सगळीकडून दीडशे माणसं आठ वाजता येणार होती. आचारी पहाटेच आला होता. हेडची पाळी सहा चाळीसला, सगळं वेळेत बसत होतं.

सहा वाजले. पाणी नाही. सव्वासहा झाले तरी नाही. आण्णांच्या घरून कळलं की ते आदल्या संध्याकाळी बोरीला गेलेत. खऱ्या कालव्याचं खरं आवर्तन त्यांच्या शेतावर पोचलं होतं आणि पाळी पहाटेची आली होती. सहापर्यंत येतो म्हणाले होते. किल्ली करगोट्याला, करगोटा बोरीत.

टाकीपाशी पंधरा माणसं जमली. कांतिशेठ नव्या कोऱ्या कुर्त्यात घामाघूम. आचाऱ्याने कुलपावर बत्ता घालून पाहिला, बत्त्याचाच तुकडा उडाला. कोणी म्हणालं, झाकण पहारीनं उचकटा. इथे माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, जे सोसायटीत मला अजून ऐकवतात. मी म्हणालो, ‘कुलूप आण्णांचं खाजगी आहे, पण झाकण आता संस्थेच्या मालमत्तेत धरावं लागेल. तोडायचं तर निदान समितीचा ठराव...’

‘सेक्रेटरी,’ कांतिशेठ शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही घरी जाऊन पडा जरा.’

कुणाच्या घरी साठा आहे का, अशी विचारपूस सुरू झाली. तेव्हा एक गोष्ट उघडी पडली, जी मला आधीच दिसायला हवी होती. हेडच्या सहा घरांत मिळून चाळीस लिटरसुद्धा निघेना. पाणी साठवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. दोन नंबरला एक हंडा आणि एक शोभेचा तांब्या.

तेवढ्यात सिस्टर रात्रपाळी करून गेटातून आत आल्या. काय झालं ते त्यांना माझ्या बायकोने सांगितलं. त्यांनी पर्स काखेत धरली, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि कांतिशेठांना म्हणाल्या, ‘माझ्याकडं सहाशे लिटर आहे. न्यायचं कसं ते बघा.’

बायको हळूच म्हणाली, ‘सिस्टर, संध्याकाळी हीच माणसं तुमचा नळ बंद करायला बसणारेत.’

‘संध्याकाळचं संध्याकाळी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘भाभींचं सकाळचं आहे.’

न्यायचं कसं, हे मात्र मला सुचलं, आणि ठरावाशिवाय सुचलं. आण्णांचे दगड. शंभरच्या दगडापासून दहाच्या दगडापर्यंत दहा माणसं उभी केली, एका दगडाला एक. कळशी हातात आली की दहा मीटर चालायचं, पुढच्याला द्यायची आणि रिकामी घेऊन मागे यायचं. पहिली कळशी निघाली. मग जे सुरू झालं ते पारणं होतं की लग्न ते कळेना. वीसच्या दगडावर आचारी स्वतः उभा राहिला. सत्तरवर सिस्टरांच्या सासूबाई हटून उभ्या, त्या घेतलेली प्रत्येक कळशी मोठ्यानं मोजत होत्या आणि दर वेळी माझ्यापेक्षा एक जास्त सांगत होत्या. चार नंबरचे, ज्यांची सहा मिनिटं कापली होती, ते पळता पळता चप्पल सोडून अनवाणी झाले. मंचरहून लवकर आलेल्या पाहुण्यांना वाटलं, हा पारण्यातलाच काही विधी आहे. त्यांनीही पदर खोचून कळशा घेतल्या. जो तो हसत होता, आणि का, ते कुणी विचारत नव्हतं.

चोवीस मिनिटांत सदतीस कळशा, साधारण साडेचारशे लिटर. सांडलं असेल दहा-बारा लिटर. त्या गल्लीत पाणी टेलकडून हेडकडे पहिल्यांदाच वाहत होतं.

शेवटची कळशी सिस्टर स्वतः घेऊन आल्या. दोन नंबरच्या दारात मात्र थबकल्या. भाभी आठ दिवसांच्या उपासाने भिंतीला टेकून बसल्या होत्या.

‘गाळून ठेवलेलं आहे, भाभी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘दोनदा.’

‘आमच्याकडं एकदाच गाळतात,’ भाभी म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्यांना ओढून आत घेतलं. पाणी उकळलं, निवलं, आणि भाभींना घोट देणाऱ्यांच्या रांगेत सिस्टरांनाही उभं केलं.

नऊ वाजता आण्णा एम-एटीवरून आले. गुडघ्यापर्यंत चिखल. गल्लीभर ओल, दगडांवर उलट्या घातलेल्या कळशा, कांतिशेठांकडे पंगत.

‘तीन तास माझं पाणी व्हतं,’ आण्णा म्हणाले. ‘पाळी सोडून येतोय व्हय कुणी?’ मग सगळं कळल्यावर ते एम-एटीवरच बसून राहिले. ‘लई वंगाळ झालं,’ एवढंच म्हणाले. करगोट्याची किल्ली सोडवायला त्यांना बराच वेळ लागला.

‘आधी जेवा,’ कांतिशेठ म्हणाले. ‘तुम्हाला संध्याकाळी काढायचंच आहे.’

साडेसहाला सभा सुरू झाली. हजेरी अठरा, माझ्या कारकिर्दीतली पहिली पूर्ण हजेरी. विषय एकवर बराच खल झाला. शेवटी ठरलं की आण्णांना काढायचं नाही, पण यापुढे ठराव होण्याआधी त्यांनी कोणतंही काम सुरू केलं तर त्यांचं पद त्याच क्षणी आपोआप रद्द होईल. हा ठराव सहा पंचावन्नला मंजूर झाला. आण्णा ‘बरं’ म्हणाले आणि पाणी पिऊन येतो म्हणून उठले.

विषय दोन. पूर्ववत. मी उभा राहिलो. सचिवाने सभेत बोलायचं नसतं, लिहायचं असतं. मी नऊ वर्षांत प्रथमच वहीतून मान वर काढून आकडे वाचले. पन्नास सेकंद. अकरा मिनिटं. चार खेपा. चार वर्षं. अकरा नोंदी. आणि खाली बसलो. सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. मग कांतिशेठ खाकरले आणि म्हणाले, ‘ओट्याची कडप्पा सांभाळून काढता येते का?’

चर्चा सुरू झाली. पाइप दोन इंची की दीड, चर किती खोल. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठक. कांतिशेठांनी खिडकीतून पाहिलं. आण्णा कंदील टांगून त्यांच्या ओट्याची पहिली फरशी अलगद उचलत होते. मी घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं. ठराव अजून झाला नव्हता. सूचकही उभा राहिला नव्हता. म्हणजे पंधरा मिनिटांपूर्वीच्या आमच्याच ठरावाने आण्णांचं पद या क्षणी गेलं होतं, आणि खणलेलं सगळं बेकायदा.

सोळा माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

वेगळ्या पाइपचा ठराव सात पंचवीसला एकमताने मंजूर झाला. सूचक कांतिशेठ, अनुमोदक कांबळे सिस्टर. मी वेळ लिहायला पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

कांतिशेठ माझ्या खांद्यावरून वाकले. ‘सेक्रेटरी,’ ते म्हणाले, ‘तुमचं घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे वाटतं.’

माझं घड्याळ रोज सकाळी सातच्या बातम्यांना लावलेलं असायचं. ते पुढे नव्हतं, मागेही नव्हतं. बाहेर आण्णा दुसरी फरशी उचलत होते.

‘असेल,’ मी म्हणालो.

वहीत ठराव मंजूर झाल्याची वेळ सात वाजून पाच मिनिटं अशी आहे. अक्षर जरा हललेलं आहे.